वारसा आणि कर, लेखांक 6 : जमिनीखालचं तेल विकताना

मागच्या लेखांकात गावाकडची वडिलोपार्जित जागा विकताना भांडवली नफा कसा काढायचा ते पाहिलं. आज टेक्सासला जाऊ. तिथला वारसा आपल्या सातबाऱ्यात बसतच नाही. महाराष्ट्रात 1966 च्या जमीन महसूल संहितेनुसार जमिनीखालचं खनिज सर्वसाधारणपणे सरकारचं. टेक्सासात मात्र वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं, आणि त्या तेलाच्या मुलानातवंडांत वाटण्याही होतात.

समजा, मिडलंडला स्थायिक झालेल्या एका मराठी डॉक्टरांनी 1984 मध्ये 40 एकरांचे खनिजहक्क 8,000 डॉलरना घेतले. 2019 मध्ये ते गेले आणि चार मुलांना प्रत्येकी 10 एकरांचे हक्क मिळाले. विहिरीचा गट 640 एकरांचा, रॉयल्टी एक पंचमांश. 10 भागिले 640, गुणिले 0.20, म्हणजे 0.003125. रॉयल्टीच्या चेकसोबत येणाऱ्या चिठ्ठीवर विहिरीचं नाव, विकलेली पिंपं, तेलावरचा 4.6 टक्के उत्पादनकर आणि हा दशांश असतो. वारसांना आपली मालमत्ता डोळ्यांनी दिसते ती एवढीच.

मग एक दिवस खरेदीदाराचं पत्र येतं : तुमच्या हिश्श्याचे 85,000 डॉलर देतो. ह्यूस्टनची मुलगी म्हणते, बाबांना माझा हिस्सा 2,000 ला पडला, म्हणजे 83,000 नफा! इथेच माणसं नाहक कर भरून बसतात. अमेरिकी कायद्यात वारसाची मूळ किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीची बाजारकिंमत. त्या दिवशी हिस्सा 60,000 चा असेल, तर हिशोब तिथून सुरू होतो.

पण तो तिथेच थांबत नाही. तेल उपसलं की ठेवा कमी होतो, म्हणून रॉयल्टीच्या उत्पन्नातून दरवर्षी ‘डिप्लिशन’ची वजावट मिळते, बहुतेक वारस ढोबळ रॉयल्टीच्या 15 टक्के घेतात. या मुलीने आजवर 9,000 ची वजावट घेतली असेल, तर मूळ किंमत 51,000 वर येते आणि नफा 34,000. त्यातल्या 9,000 वर नेहमीच्या उत्पन्नाच्या दराने कर, कारण ती वजावट परत वसूल होते. उरलेले 25,000 दीर्घ मुदतीचा नफा. त्यावर उत्पन्नानुसार 0, 15 किंवा 20 टक्के. वारशाने आलेला हक्क चार महिन्यांत विकला तरी मुदत दीर्घच धरतात.

डॉक्टरांनी आपल्याकडच्या रीतीने हयातीतच हक्क मुलांच्या नावावर करून दिले असते, तर मात्र बक्षिसासोबत त्यांची 2,000 ची जुनी किंमतच मुलीकडे आली असती.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन पेट्रोलियम अभियंत्याकडून त्याच वर्षी लेखी करून घ्या. मागच्या तारखेचं मूल्यांकन नंतरही मिळतं, पण तोवर चिठ्ठ्या हरवलेल्या असतात आणि विहिरी दुसऱ्याच कंपनीकडे गेलेल्या असतात.

आता पुण्यात राहणाऱ्या भावाचं पाहू. तो अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसेल, तर खरेदीदाराला नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर 15 टक्के कापावे लागतात. म्हणजे 12,750 डॉलर हातात येण्याआधीच जातात. शिवाय भारतात रहिवासी म्हणून त्याला इथेही ही विक्री दाखवावी लागते, आणि इथे मृत्यूच्या दिवशीचे 60,000 चालत नाहीत. इथे किंमत आधीच्या मालकाची; खरेदी 1984 ची असल्याने 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरता येतो. एकच विक्री, पण दोन देशांत नफ्याचे आकडे दोन. अमेरिकेत भरलेल्या कराची सवलत इथे मागता येते, आणि हे हक्क विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दरवर्षी दाखवलेले असायला हवेत.

कापलेल्या 12,750 मधली जादा रक्कम परत मिळवायची तर अमेरिकी विवरणपत्र भरावं लागतं. त्यासाठी लागणारा तिथला करदाता क्रमांक सौदा ठरण्याआधीच काढून ठेवा.