प्रवाळाचा रंग : तब्येतीचा की तापाचा?

रामटेकच्या परिसरात पाणी भरपूर दिसते, पण अंबाळा काय आणि खिंडसी काय, सगळे गोडे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ, आरओचे पाणी, पंप आणि निळा एलईडी दिवा जमवला की घरात छोटासा समुद्र मांडता येतो. आधी मासे येतात, मग हौस वाढते आणि हिरवे, केशरी, जांभळे प्रवाळ येतात. काही महिन्यांत कुणी तपकिरी पडतो, कुणी पांढरा. मग रंग परत आणण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटल्यांची खरेदी सुरू होते. रोग्याचा चेहरा फिका दिसला म्हणून कुणी त्याला पावडर लावत नाही, कारण शोधतो. प्रवाळाचेही तसेच आहे.

रंग येतो कुठून?

प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. उष्ण समुद्रातील अनेक प्रवाळांची ऊर्जेची बहुतांश गरज यातूनच भागते. बदल्यात शैवालाला निवारा मिळतो आणि प्रवाळाची टाकाऊ द्रव्ये खत म्हणून मिळतात.

या शैवालाचा रंग तपकिरी. हिरवे, लाल, जांभळे रंग येतात ते प्रवाळाने स्वतः बनवलेल्या प्रथिनांमुळे. त्यातली काही प्रथिने निळा प्रकाश शोषून हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून निळ्या दिव्याखाली प्रवाळ चमकतो. वैद्यकशास्त्रालाही यांचा उपयोग झाला आहे. जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनावरील कामाला २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लाल प्रथिन १९९९ मध्ये डिस्कोसोमा या प्रवाळाच्या नातलगात सापडले. अशा प्रथिनांच्या मदतीने आज प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींचा माग काढला जातो.

तपकिरी, पांढरा आणि झगझगीत

तपकिरी पडलेला प्रवाळ बहुधा आजारी नसतो. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले किंवा प्रकाश कमी पडला की शैवाल वाढते आणि प्रवाळाचा मूळ रंग झाकते.

पांढरा पडणे मात्र गंभीर. पाणी तापले की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. याला विरंजन म्हणतात. समुद्रात नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली तरी हे घडते. प्रवाळ लगेच मरत नाही, पण त्याची उपासमार सुरू होते. आपल्याच राज्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथल्या प्रवाळांचे विरंजनही शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभर विरंजनाची चौथी लाट आल्याचे जाहीर झाले.

सर्वांत फसवा तो झगझगीत फिका रंग. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये त्याचे कारण मांडले. शैवाल निघून गेले की प्रवाळाच्या शरीरात प्रकाश जास्त खेळतो. त्यापासून बचाव करण्यासाठी प्रवाळ रंगीत प्रथिने भराभर बनवतो. उन्हात डोक्यावर उपरणे घ्यावे तसे. सौम्य ताण असेल तर या आडोशाला शैवाल परत येऊ शकते. पाण्यातील पोषक द्रव्यांत मोठी उलथापालथ झाली तरीही असा रंग चढतो. म्हणजे तापाने लाल झालेल्या गालांना जसे कुणी गुटगुटीतपणा म्हणणार नाही, तसे एकाएकी उजळलेल्या प्रवाळाकडे पाहून खूश होऊ नये. आधी थर्मामीटर पाहावा.

विकत घेण्याआधी कायदा

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाला आहे तेवढेच संरक्षण. ते समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. किनाऱ्यावरून आठवण म्हणून मेलेला तुकडा आणणेही अंगाशी येऊ शकते. घरच्या टाक्यांत प्रामुख्याने मशरूम, झोअँथिड असे मऊ प्रकार असतात. तेही घेताना ते कुठून आले याची कागदपत्रे मागावीत आणि शंका असेल तर वन विभागाला विचारावे.

रामटेकचा मे महिना

अशा टाकीला साधारण २४ ते २७ अंश तापमान लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. इथे विदर्भाच्या कोरड्या हवेची मदत होते. ज्या तत्त्वावर वाळ्याचा कूलर चालतो, त्याच तत्त्वावर पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी काही अंशांनी उतरते. उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. म्हणून रोजची भर खाऱ्या पाण्याने न घालता आरओच्या गोड्या पाण्याने घालावी. बोअरचे पाणी टाळावे. त्यात नायट्रेट असू शकते. भर उन्हाळ्यात पंख्याने भागले नाही तर पाणी थंड करणारा चिलर किंवा खोलीत एसी लागतोच. तो खर्च झेपणार नसेल तर मासेच ठेवलेले बरे. लाईट गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो, म्हणून पंप इन्व्हर्टरवर असावा.

स्वच्छतेचाही अतिरेक नको. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणले की शैवाल उपाशी राहते. फॉस्फेट फारच कमी असेल तर प्रवाळ उष्णतेला लवकर बळी पडतो, असेही अभ्यासात दिसले आहे. दोन्ही थोडे असावेत आणि स्थिर असावेत. नवा, जास्त प्रखर दिवा लावल्यास प्रकाश दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

पाळणाऱ्याची तब्येत

झोअँथिड आणि त्यांच्या पॅलिथोआ या भाऊबंदांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. हृदयरोगात दिले जाणारे डिगॉक्सिन पेशीतल्या ज्या सोडियम-पोटॅशियम पंपावर काम करते, त्याच पंपावर हे विष घाव घालते. अमेरिकेतील अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान मत्स्यालयाची दुकाने आणि घरे अशा दोन्ही ठिकाणी विषबाधेच्या संशयित घटना नोंदल्या गेल्या. खोकला, धाप, ताप, तोंडात कडवट धातूसारखी चव, अंगदुखी, मुंग्या ही त्याची लक्षणे. डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. या विषावर उतारा नाही. लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात.

म्हणून नको असलेला झोअँथिड काढण्यासाठी दगड कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये, कोरड्या ब्रशने घासू नये. वाफेतून आणि तुषारांतून विष फुप्फुसात जाते. हातमोजे आणि चष्मा घालावा, हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. त्रास सुरू झाला तर घरातल्या सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका संथ आहे. मत्स्यालयाच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा जंतू, क्षयाच्या जंतूचा नातलग, खरचटलेल्या त्वचेतून शिरतो. काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न दुखणारी गाठ येते, कधी एकामागून एक गाठी कोपराकडे चढत जातात. साध्या प्रतिजैविकांच्या लहान कोर्सने त्या जात नाहीत. योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात. निदानाला उशीर होतो, कारण घरात मत्स्यालय आहे हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. बरी न होणारी जखम किंवा अचानक लागलेली धाप घेऊन रुग्णालयात जाल, तेव्हा ‘घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे’ हे न विचारताच सांगा.