थ्रॉटल वाढवताच अडखळणारा फवारणी पंप

पाठीवरील पेट्रोल फवारणी पंपाचा थ्रॉटल वाढवताच इंजिन अडखळत असेल, तर त्याची झळ पीकसंरक्षणालाही बसते. पंख्याची हवा कमी पडते, थेंब मोठे होतात आणि पानांच्या खालच्या बाजूस असलेल्या पांढऱ्या माशीपर्यंत पोहोचत नाहीत. मग कीटकनाशक निष्प्रभ ठरल्याचा समज होऊन मात्रा वाढवली जाते.

थ्रॉटल उघडताच इंजिनात हवा एकदम वाढते. तेवढे इंधन न मिळाल्यास मिश्रण विरळ होऊन इंजिन दबते. चोक किंचित लावल्यावर इंजिन सुधारत असेल, तर इंधनाच्या मार्गात अडथळा असण्याची शक्यता अधिक. नेहमीपेक्षा दाट धूर येत असेल, तर प्रथम एअर फिल्टर स्वच्छ करावा.

तपासणीपूर्वी औषधाची टाकी रिकामी करून धुवावी व इंजिन थंड होऊ द्यावे. जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेलाचे प्रमाण माहितीपुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. इंधन टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र, इंधन फिल्टर, स्पार्क प्लग आणि शेवटी कार्ब्युरेटरचा जेट या क्रमाने पाहणी करावी. जेट तारेने टोकरू नये, कारण छिद्र मोठे होते; तो हवेच्या झोताने साफ करावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते; म्हणून हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे ठेवावेत. दुरुस्तीनंतर प्रथम साध्या पाण्याने फवारून पाहावे. औषधाला दोष देण्यापूर्वी पंप तपासणे केव्हाही श्रेयस्कर.