दिवसापुरतं माहेर

घर नसलेल्या बाईची सगळ्यात मोठी अडचण कोणती? आपण पटकन म्हणू, जेवणाची. पण मैत्रिणींनो, घास-दोन घास कुणीतरी देतं. खरी पंचाईत होते ती आंघोळीची, पाळीच्या चार दिवसांची, आतून कडी लागेल अशा संडासाची. आणि झोपेची! रस्त्यावरची बाई रात्रभर भीतीनं जागी राहते नि दिवसा कुठंतरी पेंगते. आपण मात्र ‘दिवसाढवळ्या लोळतेय बघा’ म्हणून मोकळ्या होतो.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला ‘स्किड रो’ नावाचा भाग आहे. हॉलिवूडच्या झगमगाटापासून काही मैलांवर. तिथं हजारो माणसं फुटपाथवर, तंबूत राहतात. १९७०च्या दशकात तिथं निवारे, अन्नछत्रं होती, पण ती मुख्यतः पुरुषांचा विचार करून चालवलेली. त्या गर्दीत बाईनं शिरायचं कसं? जिल हॅल्वर्सन ही तिथं काम करणारी कार्यकर्ती. मानसिक आजार असलेल्या, रस्त्यावरच राहणाऱ्या एका बाईशी तिची मैत्री जमली आणि त्यातून १९७८ साली ‘डाउनटाउन विमेन्स सेंटर’ उभं राहिलं. खास बायकांसाठी, दिवसाचं केंद्र.

काय असतं तिथं? गरम जेवण, आंघोळीची सोय, कपडे धुवायचं मशीन, बदलायला धड कपडे, दवाखाना. शिवाय एक गोष्ट आपल्याला सुचणारही नाही, ती म्हणजे पत्ता. टपाल यायला ठिकाण नसेल तर सरकारी मदतीचं पत्र येणार कुठं, नोकरीचं बोलावणं यायचं कुठं? केंद्राच्या पत्त्यावर बाईचं पत्र येतं. नवऱ्याच्या मारातून अंगावरच्या लुगड्यानिशी बाहेर पडलेली बाई आपल्याकडेही रेशनकार्डापाशीच अडते ना!

आपल्याकडे शहरांत दर १ लाख वस्तीमागे किमान १०० जणांचा निवारा असा सरकारी निकष आहे. पण लाखाच्या आतल्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या बाकावर बोचकं घेऊन बसलेली बाई या हिशेबात कुठं बसते?

दिवसाच्या केंद्राला एक दुखरी बाजू आहेच. संध्याकाळ झाली की बाई पुन्हा रस्त्यावर. नुसतं जेवू-खाऊ घालून भागणार नव्हतं. म्हणून १९८६ मध्ये संस्थेनं बायकांसाठी ४८ कायमच्या खोल्या उभ्या केल्या. रात्रीपुरता आसरा नव्हे, हक्काची खोली, सोबतीला औषधपाणी नि समुपदेशन. २०१० मध्ये चपला-बुटांच्या जुन्या कारखान्याची इमारत दुरुस्त करून तिथं ७१ छोटी घरं झाली. दिवसाचं केंद्रही त्याच इमारतीत आलं. केंद्रातल्या बायका मेणबत्त्या, साबण बनवायला शिकल्या. संस्थेनं दुकान काढून तो माल विकायलाही ठेवला.