गोळी निष्प्रभ का ठरते?

'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' हा रक्ताचा कर्करोग प्रारंभी संथ असतो. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बनलेले सदोष जनुक हे त्याचे मूळ होय. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन श्वेतपेशींची बेसुमार निर्मिती चालू ठेवते. २००१ साली वापरात आलेली इमॅटिनिब ही गोळी नेमके हेच प्रथिन रोखते.

मात्र प्रथिनाची घडण बदलली की गोळीला तेथे जागा मिळत नाही. 'टी ३१५ आय' हा बदल विशेष चिवट आहे. त्यापुढे नंतरची डॅसॅटिनिब व निलोटिनिब ही औषधेही हतबल ठरतात. पोनॅटिनिब उपयोगी पडते. परंतु त्याने रक्तवाहिन्या अवरुद्ध होण्याचा धोका संभवतो.

रोग बळावला की अपक्व पेशींचे प्रमाण वाढत जाते. ते २० ते ३० टक्क्यांवर गेले की रोगाने अखेरची, 'ब्लास्ट' अवस्था गाठली असे मानतात. तेथे गोळीचा गुण बहुधा अल्पकाळ टिकतो. रोग पुन्हा संथ अवस्थेत आणून, शक्य तेथे दात्याच्या मूळपेशींचे रोपण करणे हाच प्रयत्न उरतो.

बरे वाटू लागताच आपल्या मनाने गोळ्या बंद करणे म्हणूनच घातक. अर्थात, प्रत्येक अपयशाचा दोष रुग्णाच्या माथी मारणेही अन्यायाचे. नियमित औषध घेणाऱ्यांतही असे बदल उद्भवतात. सदोष जनुकाचे प्रमाण मोजणारी रक्ततपासणी सुरुवातीस दर तीन महिन्यांनी करतात. ते प्रमाण चढू लागल्यास जनुकीय बदलाचा शोध घेऊन पुढचे औषध ठरविले जाते.