रॅलीच्या नव्या हंगामाआधीची जुळवाजुळव

जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेचा हंगाम संपत आला की पुढच्या वर्षी कोणता चालक कोणत्या संघाकडे जाणार याविषयी तर्क सुरू होतात. 'रॅली१' या सर्वोच्च श्रेणीत टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या उतरवणारा एम-स्पोर्ट असे मोजकेच संघ असल्यामुळे एक जागा रिकामी झाली की सगळीच गणिते बदलतात. २०१९ चा विजेता ओट टॅनाक २०२२ अखेरीस ह्युंदाई सोडून एम-स्पोर्टमध्ये गेला आणि एकाच हंगामानंतर परतला.

चालकाइतकाच सहचालक महत्त्वाचा असतो, हे या चर्चेत अनेकदा विसरले जाते. शर्यतीपूर्वी दोघे मार्गावरून सावकाश दोनदा फिरतात, चालक प्रत्येक वळणाची तीव्रता सांगतो, सहचालक ती सांकेतिक खुणांत टिपतो आणि प्रत्यक्ष शर्यतीत नेमक्या क्षणी वाचून दाखवतो. म्हणूनच टॅनाकने संघ बदलले तरी मार्टिन यार्वेओया त्याच्याबरोबरच राहिला.

काही चालक निवडक फेऱ्यांपुरताच करार करतात. २०२४ मध्ये ह्युंदाईची तिसरी गाडी सोर्दो, लाप्पी आणि मिकेलसन यांनी आळीपाळीने चालवली. असा चालक विजेतेपदाच्या शर्यतीत नसतोच, हा समज मात्र चुकीचा आहे: काही फेऱ्या सोडूनही सेबास्तियाँ ओजिएने २०२५ मध्ये नववे विश्वविजेतेपद मिळवून सेबास्तियाँ लोबच्या विक्रमाशी बरोबरी केली.