पाट्यावरचे खोबरे आणि झाडावरची पांढरी माशी

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी लोहमार्गावर, आंध्र प्रदेशाची सीमा लागण्यापूर्वी, गुम्मिडिपूंडी हे गाव येते. औद्योगिक वसाहतीसाठी ते ओळखले जात असले, तरी जुन्या घरांच्या परसात नारळाची दोन-चार झाडे अजून दिसतात. येथे तमिळ आणि तेलुगू दोन्ही भाषा कानी पडतात. त्यामुळे भातासोबत खायच्या नारळाच्या घट्ट चटणीला एका घरी ‘तुवैयल’, तर दुसऱ्या घरी ‘पच्चडी’ म्हणतात. एका सहकाऱ्याच्या घरी ही चटणी शिकण्याचा योग आला आणि पाककृतीआधी माझ्याच विषयातील एक प्रश्न समोर उभा राहिला.

सहकाऱ्याच्या आईंनी, म्हणजे अम्मांनी, परसातला नुकताच उतरवलेला नारळ पुढे ठेवला. त्याच्या सालीवर तपकिरी, खडबडीत चट्टे आणि भेगा होत्या. ज्या झाडावरून तो उतरवला, त्याच्या खालच्या झावळ्या काजळी फासल्यासारख्या काळ्या पडल्या होत्या. “झाडाला एवढी कीड लागली आहे. नातवंडांना या नारळाची चटणी वाढू की नको?” असे त्यांनी विचारले. मुळाद्वारे देण्यासाठी कोणीतरी सुचवलेल्या कीटकनाशकाची बाटली ओट्याखाली आणून ठेवलेली होती.

प्रश्न अगदी रास्त होता, कारण या चटणीत खोबरे शिजवत नाहीत; ते कच्चेच वाटले जाते. मात्र भीती बाळगायची होती ती किडीची नव्हे, त्या बाटलीची.

सालीवरचे चट्टे इरिओफाइड कोळ्याचे होते. पाव मिलिमीटरहूनही लहान असलेला आणि पायांच्या दोनच जोड्या असणारा हा जीव कोवळ्या फळाच्या देठाजवळील आवरणाखाली राहून रस शोषतो. भारतात त्याची नोंद १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात झाली. झावळ्यांवरील काजळीचे मूळ रुगोज चक्राकार पांढऱ्या माशीत होते. ही परदेशी कीड २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात प्रथम आढळली. ती पानाच्या खालच्या बाजूने रस शोषते, तिच्या शरीरातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. कोळी असो वा माशी, करवंटीच्या आत कोणीही शिरत नाही. फळ लहान राहते, खोबरे कमी भरते, सोलणे अवघड होते. हे नुकसान खरे आहे. पण आतले खोबरे खाण्यास अपायकारक होत नाही.

मुळातून दिलेल्या अंतरप्रवाही कीटकनाशकाची गोष्ट वेगळी आहे. ते रसासोबत वर चढते व फळापर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच असे औषध देण्यापूर्वी तयार नारळ उतरवावेत आणि नंतर ४५ दिवस काढणी करू नये, असे सांगितले जाते. परसातल्या झाडाच्या बाबतीत हा नियम कोण पाळणार? शहाळे हवे झाले की माणूस झाडाकडे वळतोच.

एक झावळी खाली घेऊन आम्ही भिंगातून पाहिली. मेणचट पांढऱ्या वर्तुळांमध्ये माशीची अनेक पिल्ले काळसर पडली होती. काहींच्या पाठीवर बारीक गोल छिद्र होते. एन्कार्सिया ग्वाडेलोपी या सूक्ष्म गांधीलमाशीने त्यांच्यात अंडी घातली होती आणि तिची प्रजा आतून बाहेर पडली होती. ही मित्रकीटक पांढऱ्या माशीला नैसर्गिकरीत्या आवर घालते. रासायनिक फवारणीत मात्र आधी तीच मरते. अम्मांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि बाटली परत पाठवण्यास मुलाला सांगितले.

त्या चट्टे पडलेल्या नारळात वाटीभरही खोबरे निघाले नाही, म्हणून दुसरा फोडावा लागला. एक वाटी खवलेल्या ओल्या खोबऱ्याला दोन चमचे उडीद डाळ, चार सुक्या मिरच्या, सुपारीएवढी चिंच, चिमूटभर हिंग आणि मीठ, एवढेच साहित्य. चमचाभर तिळाच्या तेलात डाळ सोनेरी परतून बाजूला काढायची, त्याच तेलात मिरच्या व हिंग परतायचे. ‘अम्मी’वर, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्यावर, प्रथम मिरच्या, चिंच व मीठ वाटायचे, मग खोबरे आणि शेवटी डाळ. पाणी दोन-तीन चमचेच. डाळ दाताखाली यावी इतपत जाडसर ठेवायची. इडलीची चटणी पातळ असते. ही गोळा होईल इतकी घट्ट हवी. गरम भातावर तिळाचे तेल घालून ती कालवतात. खोबरे कच्चे असल्याने त्याच दिवशी संपवावी.

पांढरी माशी आता कोकणातील बागांतही आली आहे. झावळ्या काळ्या दिसताच कीटकनाशकाकडे धावू नये. प्रथम पानाखाली काळसर पिल्ले आहेत का, ते पाहावे. असल्यास झावळ्या सरसकट तोडून जाळू नयेत. लहान झाडांवर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा. प्रादुर्भाव फार असल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल व थोडा साबण मिसळून फवारावे. काजळीसाठी १ टक्का स्टार्चची खळ फवारल्यास बुरशी पापुद्र्यासारखी सुटते. शंका असल्यास रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

त्या दुपारी नातवंडांनी भात दोनदा मागून घेतला. अम्मांनी चटणी वाढली, तीही हात न आखडता.