ऑलिव्ह ऑइलचा साबण: पैसे अडकतात ते वाळवताना

साबणाचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "मॅडम, ऑलिव्ह ऑइलचा साबण बनवल्यावर विकायला कधी काढायचा?" याचं उत्तर पॅलेस्टाइनमधल्या नाब्लस शहरात नीट कळतं.

तिथे हा साबण शेकडो वर्षं बनतोय. साहित्य तीनच: ऑलिव्ह ऑइल, पाणी आणि अल्कली. पूर्वी झुडपांच्या राखेत चुना मिसळून ही अल्कली काढायचे, आता कॉस्टिक सोडा वापरतात. मोठ्या कढईत मिश्रण कित्येक दिवस शिजतं. मग ते फरशीवर पसरतात, घट्ट झालं की रंगवलेल्या दोरीने रेघा आखून वड्या कापतात, प्रत्येक वडीवर कारखान्याचा शिक्का ठोकतात. पुढचं काम मला सगळ्यात आवडतं. या वड्यांचे माणसापेक्षा उंच, आतून पोकळ मनोरे रचतात, म्हणजे प्रत्येक वडीला हवा लागते. तिथे त्या महिनोन्‌महिने वाळतात. सीरियातल्या अलेप्पोत लॉरेलचं तेलही घालतात आणि साबण सहा ते नऊ महिने ठेवतात. बाहेरून सोनेरी, कापला की आत हिरवा. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही कला वारसा यादीत घेतल्या.

आता माझी चूक सांगते. लायसन्स हातात आलं होतं (हो, साबण विकायला कॉस्मेटिकचं लायसन्स लागतं), सणाची घाई होती. दहाव्या दिवशीच वड्या दुकानात लावल्या. दिसायला छान होत्या. पण गिऱ्हाइकांच्या साबणदाणीत पार लगदा झाला. पैसे परत द्यावे लागले.

कारण साधं आहे. घरगुती थंड पद्धतीत तेल आणि कॉस्टिकचं बरंचसं काम दोन-तीन दिवसांत उरकतं, पण आतलं पाणी उडायला वेळ लागतो. खोबरेल तेलाचा साबण लवकर कडक होतो. निव्वळ ऑलिव्हचा होत नाही, त्याला चार-सहा महिने द्याच. आपल्याकडे पावसाळ्यात तर आणखी.

प्रमाण: १ किलो ऑलिव्ह ऑइलला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक लागतो. आपण ५ टक्के कमी, म्हणजे १२८ ग्रॅम घेतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं. वजन काट्यावरच करायचं, वाटीने नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, स्टील घ्या.

आणि हिशोब. समजा एक वडी ६० रुपयांत पडते आणि महिन्याला १०० वड्या करता. पहिली वडी विकेपर्यंत सहा महिने, म्हणजे ६०० वड्या, ३६,००० रुपये नुसते फळीवर बसलेले. एवढे पैसे बाजूला नसतील तर सुरुवात २० वड्यांनी करा, सोबत लवकर वाळणारा खोबरेल-मिश्रित साबण ठेवा. प्रत्येक ट्रेवर तारीख लिहा. दर आठवड्याला एक वडी वजन करून बघा. वजन उतरायचं थांबलं की ती बॅच दुकानात लावायची.